आमच्या घरचा तोतया

माणसे ओळखण्याच्या बाबतीत आपला हात धरणारा कोणी नाही, अशी माझी या वसुबारसेच्या रात्रीपर्यंत समजूत होती. ती अगदीच निराधार होती असेही नाही. बावीस वर्षे मी वर्गात उभा आहे. पोट दुखते म्हणणाऱ्या चाळीस मुलांपैकी खरोखर कोणाचे दुखते, हे मला दारातून सांगता येते. शिवाय चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. म्हणजे निदान दीडदोनशे माणसे स्वतः जन्माला घातली आहेत. अशा मनुष्याला पाच जणांतला एक तोतया ओळखता येऊ नये, हे कोणाला खरे वाटेल?

गोष्ट घडली ती अशी. माझी भाची पुण्यात इंजिनियरिंग कॉलेजात शिकते. दिवाळीच्या आधी चार दिवस ती खडकीला आमच्याकडे राहायला आली, ती पिशवीत एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर रंगीबेरंगी फासे घेऊनच. आमचे फासे सहा तोंडांचे; हिचे वीस पैलूंचे! हा एक अमेरिकन खेळ असून १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला, अशी माहिती तिने मला दिली. त्याचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. म्हणजे तळघरे आणि उडते राक्षस. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि एकाने गोष्ट सांगायची. प्रसंग आला की सोंग घेतलेल्याने आपण काय करतो ते सांगायचे, आणि ते साधले की फसले ते फाशाला विचारायचे. गोष्ट सांगणाऱ्याला हे लोक 'मास्टर' म्हणतात. ही पदवी मी बावीस वर्षे बाळगून आहे. पण माझ्या शब्दावर पाच माणसे तीन तास श्वास रोखून बसली आहेत, असे मात्र अजून घडलेले नाही.

रात्री जेवणे आटोपल्यावर माजघरात सतरंजी पडली. माझा मुलगा चोर झाला. यात माझा काही हात नाही. खेळात चोर हा प्रतिष्ठित धंदा आहे म्हणे, आणि गेले वर्षभर तो तोच करीत आला आहे. त्याचा एक मित्र योद्धा झाला. दुसरा अबोल, मान खाली घालून बसणारा, तो जादूगार. शेजारची आठवीतली मुलगी धनुर्धारी. आणि एक जागा रिकामी म्हणून मला वैद्य करण्यात आले. "मामा, तुम्हांला लढायचं नाहीये, नुसती मलमपट्टी करायची," असे भाचीने समजावले. चकलीचा डबा मध्ये ठेवला आणि आम्ही पाच जण कुठल्याशा डोंगराखालच्या गुहेत खजिना शोधायला निघालो.

गुहेत आमचा मुक्काम पडला. भाचीने प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली एकेक चिठ्ठी दिली. माझ्या चिठ्ठीत लिहिले होते, 'तू तूच आहेस.' सकाळी उठलो ते पाचच. पण आमच्यापैकी एकाला रात्री कोणी पळवून बांधून ठेवले होते, आणि त्याच्या जागी त्याचेच रूप घेतलेला एक बहुरूपी आमच्यात येऊन झोपला होता. दुपारपर्यंत तो ओळखला नाही, तर खजिन्याच्या दारात तो आम्हांला दगा देणार.

मला तर हे दिवाळीच्या सुट्टीत परीक्षेचे काम मिळाल्यासारखेच झाले. मी प्रत्येकाला प्रश्न विचारले. पहिल्या गावातल्या धर्मशाळेचे भाडे किती पडले? नदीवर योद्ध्याला बाण कोणत्या खांद्याला लागला? मलम कोणाच्या पिशवीत आहे? चोराने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, सगळी उत्तरे धडाधड दिली. पहिल्या वर्गात पास! जादूगार मात्र अडखळला. "भाडं... आठवत नाही." खांदा त्याने चुकीचा सांगितला. माझ्याकडे तर त्याने एकदाही वर पाहिले नाही. मी सतरंजीवर उभा राहिलो आणि निकाल देऊन टाकला. चौघांनी मत द्यायचे होते. मी, योद्धा आणि चोर यांनी हात वर केले. धनुर्धारीने केला नाही. जादूगाराला झाडाला बांधण्यात आले. बिचारा एवढेच म्हणाला, "बरं."

पुढे काय झाले असेल ते चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. खजिन्याच्या दारात चोराने खंजीर काढला आणि आपली चिठ्ठी उलगडून दाखवली. माझा मुलगाच तोतया होता. अठरा वर्षे ज्याला मी दररोज पाहतो, तो माझ्या मांडीला मांडी लावून चकल्या खात होता आणि मला पत्ता नव्हता!

"मला माहीत होतं," शेजारची मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

"काल रात्री नाण्यांची वाटणी झाली ना? योद्ध्याने तीन नाणी जास्त घेतली. आणि हा काहीच बोलला नाही. एरवी एका नाण्यासाठी अर्धा तास भांडतो. तो हा नव्हताच."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं खात्रीनं सांगत होता, काका." थोडे थांबून ती म्हणाली, "आणि तुम्ही सर आहात."

भाचीने आणखी एक मीठ चोळले. तिच्या पुस्तकाप्रमाणे हा रूप पालटणारा प्राणी दुसऱ्याच्या मनातले वाचतो. तेव्हा त्याला प्रश्न विचारण्यात काही अर्थच नसतो. उत्तरे चुकतात ती खऱ्या माणसाची. मी त्या अबोल मुलाकडे पाहिले. तो आपल्या फाशांची पुरचुंडी बांधीत होता. मान खाली घालतो म्हणून, उत्तर अडखळते म्हणून बावीस वर्षांत मी किती मुलांना झाडाला बांधले असेल, हा विचार मनात आला आणि मी तो घाईघाईने बाजूला सारला. दिवाळी होती.

आपल्यातच लपलेला परका शोधण्याचा हा खेळ आता जगभर निरनिराळ्या रूपांनी चालतो. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने 'माफिया' नावाचा असाच एक खेळ काढला. २०२० सालच्या टाळेबंदीत आमची मुले मोबाईलवर अंतराळयानातला तोतया शोधत बसलेली असत. तो खेळ निघाला होता २०१८ साली, पण त्याचे नशीब उघडले ते घरात कोंडलेल्या पोरांमुळे. मात्र या बाबतीत मराठी माणसाला रशियाकडून किंवा अमेरिकेकडून काही शिकण्याची गरज आहे, असे मला वाटत नाही. भाऊसाहेबांचा तोतया आमच्याकडे होऊन गेला आहे.

ती गोष्ट मला प्रथम सांगितली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. हा कारखाना १८६९ सालचा. पण दादांचे खरे मन त्याच्याही आधीच्या शतकात रमायचे. दिवाळीचा किल्ला करताना ते मला चिखल कालवायला लावीत आणि स्वतः इतिहास कालवीत. ५ नोव्हेंबर १८१७ ला, दिवाळीच्या तोंडावरच, इथून जवळ गणेशखिंडीच्या माळावर बापू गोखल्यांची फौज इंग्रजांवर कशी चालून गेली, बाजीराव पर्वतीवरून कसा पाहत राहिला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण बाळाजीपंत नातूने कसे लावले, हे सांगताना त्यांच्या हातातला चिखल वाळून जाई. "आपला कोण आणि परका कोण, हे कळलं नाही की राज्य जातं," असे ते म्हणत, आणि मग हटकून तोतयावर येत.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला सदाशिवरावभाऊ पडले. पण ते पडले हे पुष्कळांना पटलेच नाही. पार्वतीबाईंना तर नाहीच. १७८३ साली त्या वारल्या, तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारले नाही. बावीस वर्षे! अशा वाट पाहण्याच्या हवेत उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊसाहेब म्हणून प्रगट झाला. कोणी त्याला सुखनिधान म्हणतात, कोणी सुखलाल. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला, आणि गोष्ट तिथेच संपायची. पण १७७२ साली माधवराव गेले, पुढच्याच वर्षी नारायणरावांचा खून झाला, गादीवर तान्हे मूल आले. १७७६ साली रत्नागिरीच्या अंमलदाराने या कैद्याला मोकळे केले आणि भाऊसाहेब म्हणून उभे केले. बघता बघता कोकणात त्याच्याभोवती हजारो माणसे गोळा झाली, किल्ले त्याच्या हाती गेले, तो घाटाच्या तोंडाशी येऊन ठेपला. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, पळताना आंग्र्यांनी त्याला पकडला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. तात्यासाहेब केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

लहानपणी मला एकच कोडे पडे. नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते. भाऊसाहेबांना जवळून पाहिलेली अशी कितीतरी माणसे पुण्यात हिंडत होती. मग हजारो लोक फसले कसे? दादा म्हणत, "तोंडवळा सारखा होता रे." आज मला वाटते, तोंडवळ्याचे काम थोडे, बाकीचे काम पंधरा वर्षांच्या वाट पाहण्याने केले. लोकांना तोतया ओळखायचा नव्हता, त्यांना भाऊसाहेब ओळखायचे होते. आणि ज्याला ओळखायचेच आहे त्याला खुणा सापडायला कितीसा वेळ लागतो?

पण याच्या उलट झाले तर? समोर खरा माणूस उभा आहे, सगळ्या खुणा पटत आहेत, आणि तरीही ओळखणाऱ्याचे मन 'हा तो नव्हे' म्हणते आहे. तर त्या खऱ्या माणसाने काय करावे?

हे मी उगीच विचारीत नाही. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी मी दादांना चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "बसा ना तुम्ही. बाळ येईलच इतक्यात."

बाळ म्हणजे मी. पंचेचाळिशी उलटली तरी या घरात मी बाळच आहे. मला वाटले, थट्टा करताहेत. पण ती थट्टा नव्हती. त्यांना सूनबाई ओळखू येते, नातू ओळखू येतो, दूधवाल्याशी ते हिशेब घालतात. मीच तेवढा त्यांना मी वाटत नाही. बाळासारखा दिसणारा, बाळाचे कपडे घालून हिंडणारा कोणी एक सभ्य गृहस्थ घरात शिरला आहे, असा त्यांचा ग्रह आहे. मला ते 'अहो' म्हणतात. माझ्या पाठीमागे हलक्या आवाजात सौभाग्यवतींना सांगतात, "सूनबाई, माणूस वाईट दिसत नाही, पण बाळ येईपर्यंत कपाटाच्या किल्ल्या कंबरेलाच असू द्या."

डॉक्टरांनी सांगितले की स्मरण ढासळू लागलेल्या म्हाताऱ्या माणसांत असे कधी कधी होते. कापग्रा नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने १९२३ साली अशा एका बाईची हकिगत प्रसिद्ध केली होती. नवरा आणि जवळची माणसे जाऊन त्यांच्या जागी हुबेहूब दुसरीच माणसे आली आहेत, असे ती म्हणे. म्हणून या विकाराला त्याचेच नाव मिळाले. चेहरा ओळखू येतो. पण आपले माणूस पाहिल्यावर आत जे काही हलते ते हलत नाही. मग बिचारे डोके आपल्या परीने उलगडा करते, की ज्या अर्थी काही हलले नाही त्या अर्थी हा तोतयाच. डॉक्टर म्हणाले, "वाद घालू नका. पटवून देऊ नका. गोड बोला, त्यांच्या कलाने घ्या." डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता, आणि तो आम्हांला फार उपयोगी पडला. घरातली भांडणे थांबली, दादांची झोप सुधारली.

पण पहिल्या दिवसांत मी मास्तर असल्यामुळे परीक्षा द्यायला तयार झालोच. मी म्हटले, "दादा, विचारा मला काहीही."

त्यांनी डोळे बारीक केले. "बाळची पहिली सायकल कोणत्या रंगाची होती?"

"हिरवी. जुनी घेतली होती, दांड्यावर पोचा होता."

"शाळेत पडून त्याला टाके पडले ते कुठे?"

मी हनुवटी पुढे केली. त्यांनी बोट लावून व्रण चाचपला. मला वाटले, आता उजाडणार. ते म्हणाले, "छान. चांगलं पढवून पाठवलंय तुम्हांला."

तेव्हापासून मी गोड बोलणारा पाहुणा झालो. दादा म्हणतील त्याला 'हो' म्हणायचे. कारखान्याचा भोंगा झाला, डबा द्या, म्हणाले तर 'हो, देतो'. पेपर कालचा आहे म्हणाले तर 'हो, आजचा आणतो'. दोन वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही आवाज चढवून बोललो नाही, आणि आमच्या घरची पूर्वीची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली नवलाई कळेल.

त्या रात्री खेळ मोडून मुले पांगली तेव्हा आतल्या खोलीतून दादांची हाक आली. ते जागेच होते. सगळा खेळ त्यांनी ऐकला होता.

"तुम्हांला नाही ना ओळखता आला?" मला म्हणाले. "मला आला असता."

"हो, तुम्हांला आला असता," मी म्हटले आणि पांघरूण सारखे केले.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. अंगणात किल्ला अर्धवट होता. विटा आणि पोती रचून झाली होती, वर लाल मातीचा लेप बसला होता, उतारावर अळीव पेरले होते ते हिरवे तरारले होते. मुलगा, भाची, शेजारची मुलगी, सगळी कोपरापर्यंत चिखलात होती. तो अबोल मुलगाही आला होता आणि मातीच्या मावळ्यांच्या मोडलेल्या तलवारी काडेपेटीच्या काड्यांनी दुरुस्त करीत होता. दादांची खुर्ची आम्ही उन्हात आणून ठेवली होती.

महादरवाजा बसवायची वेळ आली. आमच्या घरात या दरवाजाचा एक जुना तंटा आहे. दादांचे म्हणणे, किल्ल्याचा दरवाजा समोरून दिसता कामा नये. रायगडाचा पाहा, दोन बुरुजांच्या कवेत असा लपवलेला की शत्रूला अगदी जवळ येईपर्यंत कळू नये. माझे म्हणणे, हा रायगड नव्हे, खडकीच्या अंगणातला किल्ला आहे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना दरवाजा दिसला नाही तर तो केला कशाला? मी सहा वर्षांचा होतो तेव्हा हे भांडण सुरू झाले आणि तीसपस्तीस दिवाळ्या चालले. गेल्या दोन दिवाळ्यांत अर्थातच दरवाजा मुकाट्याने लपवण्यात आला.

यंदा मी विसरलो. खरेच विसरलो. रात्रीचे जागरण, सकाळी शाळेच्या निकालपत्रकांची कटकट. डोके ठिकाणावर नव्हते. मी दरवाजा उचलला आणि समोर, मधोमध, ठोकून बसवला.

"दरवाजा लपवा," खुर्चीतून आवाज आला.

"राहू द्या, दादा."

"अहो, समोर दरवाजा असतो का कुठं? तोफेचा एक गोळा आला की संपलं!"

"कुठनं येणार गोळा?" हातातली थापी मी विटेवर आपटली. "दरवर्षी तुमचं हेच! लोक बघायला येतात ते काय तुमचे बुरूज बघायला? दरवाजा दिसलाच पाहिजे, आणि तो इथंच राहणार!"

मुले गप्प झाली. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांचे शब्द आठवले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. दादा माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"अरे, तू कधी आलास?" ते म्हणाले.

मला काही बोलताच येईना.

"केव्हाची वाट बघतोय तुझी. आणि हे काय, हात भरलेत सगळे! गधड्या, आल्या आल्या चिखलात बसलास?" मग त्यांनी मला खुणेने जवळ बोलावले, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "इथं एक गृहस्थ राहायला आलेत. अगदी तुझ्यासारखे दिसतात. तुझी सगळी माहिती आहे त्यांना. पण मी पहिल्या दिवशीच ओळखलं."

"कशावरून, दादा?"

"फार गोड बोलतात रे."

शेजारची मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

दुपारी जेवताना दादांनी मला दोनदा 'अरे' म्हटले. पानातली कारल्याची भाजी मी टाकली म्हणून रागावले. दिवे लागायच्या वेळी मी त्यांच्या खोलीत पणती ठेवायला गेलो तेव्हा ते पाय जवळ घेऊन सावरून बसले आणि म्हणाले, "या, बसा ना तुम्ही."

भाऊबीजेपर्यंत किल्ला तसाच होता. येणारेजाणारे थांबून पाहत आणि मुलांना शाबासकी देत. दरवाजा जरा आत, बुरुजामागे घेऊ या का, असे मुलाने मला दोनदा विचारले. त्याला वाटत होते, आजोबांना बरे वाटेल. मी त्याला हात लावू दिला नाही. रोज सकाळी दादांची खुर्ची मी त्या दरवाजाच्या बरोबर समोर नेऊन ठेवत होतो.